मंडळाकडे ६८ हजार उरलेत आणि टाकीमागे पोरं बसतात

कासपठार
नमस्कार मंडळी. साताऱ्यात गावाच्या कडेला आमची कॉलनी आहे. १४० घरं, त्यात चार इमारती, बाकी बंगले नि रोहाऊस. परवा गणपतीच्या हिशेबाची बैठक झाली. यंदा डीजे लावला नाही, म्हणून ६८ हजार उरले. "मुलांसाठी काहीतरी करू" यावर पाच मिनिटांत एकमत झालं. काय करायचं यावर दोन तास भांडण.

पहिला प्रस्ताव: पाण्याच्या टाकीमागे संध्याकाळी आठवी ते बारावीची पोरं बसतात, तिथे दोन कॅमेरे लावायचे. दुसरा: एका समुपदेशकांचं व्याख्यान, शाल-श्रीफळ, चहा-बिस्किटं. मी म्हटलं, मुलांना काय हवंय ते कुणी विचारलंय का? खजिनदार काका म्हणाले, "त्यांना काय कळतंय?"

माझा मुलगा पंधराचा आहे. गेल्या वर्षभरात तो माझ्याशी बोललेलं सर्वांत लांब वाक्य म्हणजे "आई, माझा चार्जर कुठे ठेवलास?" त्यामुळे मलाही कळतंय असा माझा दावा नाही.

खरं कारण वेगळं आहे. जूनमध्ये कळलं की कॉलनीतली अकरावीची एक मुलगी दोन महिने क्लासलाच जात नव्हती. सकाळी दप्तर घेऊन निघायची, बसस्टँडवर बसून परत यायची. कुणाकडे कामवाली किती वाजता येते हे आम्हाला सगळ्यांना माहीत असतं. हे मात्र १४० घरांत कुणाला दिसलं नाही.

तर प्रश्न असा: शेजारी म्हणून, चौकशी लावल्यासारखं न वाटता, या मुलांचं काय चाललंय हे समजून कसं घ्यायचं? आणि समजल्यावर काय करायचं? "चांगला तज्ज्ञ बोलवा" हे सोडून सांगा, ते आम्हाला सुचलंय.

मिसळपाववाला
जागा धरायला रुमाल टाकून ठेवतो. धागा शंभरी गाठणार.

स्पष्टवक्ता
कॅमेरे लावा. मी स्वतः सोसायटीचा चेअरमन होतो, अनुभवाने सांगतोय. आमच्या गच्चीवर सिगारेटची थोटकं सापडायची, कॅमेरा लावला, बंद झाली. भावना वगैरे ठीक आहे, पण आधी शिस्त.

पेठेतली
@स्पष्टवक्ता, सिगारेट बंद झाली की गच्चीवर येणं बंद झालं? दोन्हींत फरक आहे हो.

स्पष्टवक्ता
मला थोटकं नको होती, थोटकं गेली.

पेठेतली
म्हणजे शेजारच्या सोसायटीच्या गच्चीवर गेली. हलकेच घ्या.

गॅलवेकर
कासपठार, तुमचा प्रश्न वाचून राहवलं नाही. मी मूळची चिपळूणची, पण बरीच वर्षं आयर्लंडमध्ये गॅलवेला आहे. आमच्या भागात हेच चाललंय, म्हणून जरा लांब लिहिते.

आमच्या गॅलवे, मेयो आणि रॉसकॉमन या परगण्यांत २०१८ पासून दर दोन वर्षांनी शाळांमध्ये १५-१६ वर्षांच्या मुलांची एक निनावी प्रश्नावली होते. 'प्लॅनेट यूथ' म्हणतात तिला. माझ्या मोठ्या लेकीने २०२२ मध्ये भरली. किती झोपतोस, घरी कुणाशी बोलतोस, रात्री तू कुठे आहेस हे आईबाबांना माहीत असतं का, शाळेत सुरक्षित वाटतं का, दारू-सिगारेट-गांजा, सगळं. नंतर त्या भागाचे आकडे त्या भागातल्याच लोकांपुढे ठेवतात. शाळेत पालकांना बोलावून एका बाईंनी आमच्यापुढे ते मांडले तेव्हा हॉलमध्ये टाचणी पडली तर ऐकू आली असती. बातमीत "देशातली मुलं" असं वाचलं की आपण पान उलटतो. इथे "तुमच्या मुलांपैकी" असं होतं.

ही पद्धत आली आइसलँडमधून. नव्वदच्या दशकात तिथली पोरं युरोपात सर्वांत जास्त पिणाऱ्यांत होती. १९९८ मध्ये १५-१६ वर्षांच्या मुलांपैकी ४२ टक्के जण मागच्या महिनाभरात एकदा तरी झिंगले होते. २०१६ मध्ये हा आकडा ५ टक्क्यांवर आला. रोज सिगारेट ओढणारे २३ वरून ३ टक्के. गंमत म्हणजे "दारू वाईट" अशी भाषणं शाळाशाळांत आधीच झाली होती, त्यांनी काही झालं नव्हतं. मग त्यांनी मुलांना सोडून मुलांच्या आजूबाजूचं बदललं. रेक्याविक शहराने प्रत्येक मुलामागे दरवर्षी खेळ-संगीताच्या क्लाससाठी पैसे द्यायला सुरुवात केली. हिवाळ्यात १३ ते १६ च्या मुलांनी रात्री दहानंतर बाहेर राहायचं नाही, असा कायदाच आहे. आणि रात्री पालक गटागटाने वस्तीत फेरी मारतात. पकडायला नाही, नुसतं दिसायला.

कासपठार, तुमचे ६८ हजार कशावर खर्च करायचे हा दुसरा प्रश्न. पहिला प्रश्न तुम्ही बैठकीत विचारलात तोच. विचारा त्यांना.

मिसळपाववाला
दहा वाजता घरी! आमच्याकडे दहा वाजता तर क्लास सुटतो.

दिवटी
हाहा. आणि पालकांची रात्रीची फेरी आमच्याकडे ऑलरेडी असते, नवरात्रात गरब्याच्या गेटबाहेर. नुसतं दिसायला नाही, नीट बघायला.

वाळवा_एक्स्प्रेस
आइसलँडला कशाला जाताय, आमच्या सांगली जिल्ह्यात या. कडेगाव तालुक्यातल्या मोहित्यांचे वडगावचं ऐकलंय ना? २०२२ च्या १५ ऑगस्टला गावाने ठरवलं, संध्याकाळी सातला देवळावरचा भोंगा वाजणार. भोंगा वाजला की टीव्ही, मोबाइल बंद. मुलांनी अभ्यास करायचा, मोठ्यांनी बोलायचं नाहीतर वाचायचं. साडेआठला परत भोंगा, मग चालू. सगळ्या पेपरांत आलं होतं.

आमच्या गावानेही ते बघून भोंगा लावला. आमच्या गावाचं नाव सांगत नाही, कारण आमचा भोंगा चार महिन्यांत बंद पडला. का बंद पडला ते ऐका. पोरांचे मोबाइल बंद झाले, बापांचे चालूच. सातला भोंगा, सव्वासातला पारावर दहा-बारा बाप मान खाली घालून रील बघतायत. माझ्या पुतण्याने विचारलं, "काका, भोंगा फक्त आमच्या कानाला ऐकू येतो का?" त्या प्रश्नाला उत्तर नव्हतं, तर भोंगाच बंद केला.

पेठेतली
तुमच्या पुतण्याला माझ्याकडून एक कुल्फी.

वऱ्हाडी_ठेचा
भोंग्यावरून आठवलं. आमच्या यवतमाळात पुसद तालुक्यातल्या बान्सी गावानं २०२२ मध्येच ग्रामसभेत ठराव केला होता, अठराच्या खालच्यांना मोबाइल बंद, सापडला तर २०० रुपये दंड. दोन गावं, एकच वर्ष, एकच काळजी. पण वडगावात सगळ्यांचा बंद अन् इकडं फक्त लेकरांचा. मले तं पहिलंच बरं वाटते. दंड भरणार कोण, बापच ना!

गॅलवेकर
वाळवा_एक्स्प्रेस, अगदी हेच. विकलो परगण्यात ग्रेस्टोन्स म्हणून गाव आहे. तिथल्या आठ प्राथमिक शाळांच्या पालकांनी २०२३ मध्ये आपसांत ठरवलं की माध्यमिक शाळेत जाईपर्यंत मुलांना स्मार्टफोन द्यायचा नाही. सरकारी सक्ती नाही, दंड नाही. पण त्यामुळे "सगळ्यांकडे आहे, माझ्याकडेच नाही" हे हत्यार गेलं. एकट्या आईला जे जमत नाही ते गल्लीने मिळून ठरवलं तर जमतं, एवढीच त्यातली युक्ती. अर्थात पंधरा-सोळाच्या मुलांच्या हातातला फोन असा काढता येत नाही, तो विषय वेगळा.

दुधाळ_चहा
थोडं थंड पाणी ओततो, राग नसावा. मी सार्वजनिक आरोग्यात काम करतो.

आइसलँडची लोकसंख्या पावणेचार-चार लाख. सोलापूर शहराच्या निम्म्याहूनही कमी. त्याच काळात युरोपातल्या इतर अनेक देशांतही पोरांचं पिणं कमी झालं आहे, आइसलँडमध्ये ते जास्त वेगाने झालं हे खरं. म्हणजे सगळं श्रेय प्रश्नावलीला आणि फेरीला देता येत नाही. शिवाय दारू कमी झाली म्हणजे पोरं सुखी झाली असं नव्हे. त्याच देशात नैराश्याच्या गोळ्यांचा खप श्रीमंत देशांच्या यादीत सर्वांत वर आहे, आणि किशोरवयीन मुलींमधली चिंता वाढलेली आहे.

आपल्याकडे प्रश्नच निराळा. २०१५-१६ च्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणात १३ ते १७ वयोगटात ७.३ टक्के मुलांना मानसिक आजाराचा त्रास दिसला, महानगरांत जवळपास दुप्पट. आपल्या पोरांचा त्रास बाटलीत कमी आणि मार्कशीटमध्ये जास्त आहे. २०२२ मध्ये देशात १३,०४४ विद्यार्थ्यांनी आयुष्य संपवल्याची नोंद आहे आणि राज्यांत महाराष्ट्र पहिला. त्यामुळे आइसलँडचे प्रश्न उचलून साताऱ्यात विचारू नका.

गॅलवेकर
@दुधाळ_चहा, मान्य. प्रश्न उचलू नका, रीत उचला. आधी विचारणं, मग सांगणं, मग परत विचारणं. हे सोलापूरला लागू होत नाही असं मला तरी वाटत नाही.

दुधाळ_चहा
रीत मान्य. पण आधी वाईट बातमी सांगायचं आमचं काम असतं.

स्पष्टवक्ता
म्हणजे शेवटी दहावी-बारावीवर घसरलोच. आम्ही पण परीक्षा दिल्या. आम्हाला कुणी प्रश्नावली दिली नाही. एक फटका मिळायचा आणि ताण निघून जायचा.

दिवटी
निघून कुठे गेला, तुमच्या प्रतिसादांत दिसतोय की. (दिवे घ्या, म्हणजे 'लाइट' घ्या, दोन घ्या.)

खडूफळा
सव्वीस वर्षं माध्यमिक शिक्षिका आहे, अजून नोकरीत आहे. म्हणून नाव-गाव नाही.

एक गोष्ट आम्हा शिक्षकांना कडू वाटेल अशी आहे, तरी सांगते. बिहारमध्ये नालंदा जिल्ह्यात गोव्याच्या 'संगाथ' संस्थेने ७४ शाळांमध्ये एक प्रयोग केला होता. २०१८ मध्ये 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात छापून आला. काही शाळांत तोच कार्यक्रम शिक्षकांनी चालवला, काही शाळांत बाहेरून आणलेल्या, थोडं प्रशिक्षण दिलेल्या साध्या माणसांनी. डॉक्टर नाहीत, मानसशास्त्रज्ञ नाहीत. भित्तिपत्रक, मनातलं लिहून टाकायची पेटी, शाळेची एक समिती, आणि ज्याला हवं त्याच्याशी एकट्याने बोलणं. साध्या माणसांच्या शाळांत मुलांना शाळा आपली वाटू लागली, दादागिरी कमी झाली, उदासी कमी झाली. शिक्षकांच्या शाळांत? जवळजवळ काहीच फरक नाही.

वाचून मला दोन दिवस राग आला होता. मग माझ्याच वर्गात बघितलं. जो माणूस सकाळी गृहपाठ केला नाही म्हणून बाकावर उभं करतो, त्यालाच दुपारी "मला घरी भीती वाटते" असं कोण सांगेल?

सरकारी बाजूही सांगते. २०१४ पासून राष्ट्रीय किशोर स्वास्थ्य कार्यक्रम आहे, सरकारी दवाखान्यांत किशोरवयीन मुलांसाठी 'मैत्री क्लिनिक' असतं. गावपातळीवर बाल संरक्षण समिती असायला हवी, सरपंच अध्यक्ष, आणि तिच्यात मुलांचे दोन प्रतिनिधीही असायला हवेत. आमच्या गावच्या समितीत मुलांचे प्रतिनिधी कोण हे विचारलं तर फळ्यावर लिहिलेली दोन नावं निघाली. त्यातल्या एकाचं लग्न होऊन मूल झालेलं आहे.

मिसळपाववाला
प्रतिनिधी नाही, आता लाभार्थी.

पन्हाळ्याचा_वारा
आमच्या कोल्हापुरात बगा, पेठंपेठंला तालीम हाय. पूर्वी लाल माती, आता फुटबॉल. शाहू स्टेडियमवर पाटाकडील नि दिलबहार तालमींची मॅच असली की चौदा वर्साचं पोरगं नि सत्तरीचा आजा एकाच पायरीवर बसून एकच शिवी देतात. पोरगं तालमीत आलं नाही तर सांच्याला कोणतरी घरी जाऊन इचारतं, "का रं, आला न्हाईस?" ह्याला प्रश्नावली लागत न्हाई. तुमच्या त्या नवीन कॉलन्यांत तालीमच न्हाई, मग टाकी.

पेठेतली
मस्त लिहिलंय. फक्त "का गं, आली नाहीस?" असं कोण विचारतं तेही सांगा. तालमीत पोरी कुठे?

पन्हाळ्याचा_वारा
... ह्ये खरं हाय ताई. आमची पोरगी मॅच टीव्हीवर बगती.

दिवटी
मुंब्र्यात 'परचम' नावाच्या गटाने मुलींना फुटबॉलसाठी मैदानात उतरवलं. म्हणजे जमतं, कुणीतरी आधी मैदान मागावं लागतं. आमच्या इमारतीत टेबल टेनिसचं टेबल आलं तेव्हा पहिले सहा महिने त्यावर लग्नाची पापड-कुरडई वाळत होती.

वकिलीणबाई
जरा कामाचं बोलू का? मी बाल न्यायाच्या प्रकरणांत काम करते. उत्साहाने पेटी-प्रश्नावली करणाऱ्यांनी तीन गोष्टी आधी ठरवा.

१४० घरांत किशोरवयीन किती, तीस-चाळीस? मग "निनावी" हा शब्द जपून वापरा. कॉलनीत दहावीतली मुलगी एकच असेल तर इयत्ता आणि मुलगा-मुलगी विचारणं म्हणजे नाव विचारणंच. अक्षरही ओळखू येतं. फक्त खुणा करायच्या छापील कागदांवर करा, आणि ते कागद कॉलनीतल्या कुणाच्याही आईवडिलांच्या हातात जाऊ देऊ नका. तुमच्याही, कासपठार.

दुसरं, पेटीत लैंगिक अत्याचाराची चिठ्ठी आली तर? "बघू, त्यांच्या घरचा मामला" हे चालणार नाही. पॉक्सोच्या (मुलांवरच्या लैंगिक अत्याचाराविरुद्धचा कायदा) कलम १९ प्रमाणे माहिती असलेल्याने कळवणं बंधनकारक आहे, न कळवणं हा गुन्हा. म्हणून मुलांना आधीच स्पष्ट सांगा की अमुक एक गोष्ट आम्ही गुपित ठेवू शकणार नाही. विश्वासाचं आश्वासन देऊन मग मोडणं सगळ्यात वाईट.

तिसरं, कुणी फारच खचलेलं दिसलं तर तुम्ही समुपदेशक होऊ नका. टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ चोवीस तास चालतो, मुलांसाठी १०९८. कागदाच्या तळाशी हे दोन नंबर छापा. आणि नंबर छापायच्या आधी स्वतः लावून बघा, उचलतात का.

कासपठार
वकिलीणबाई, "तुमच्याही" हे वाचून आधी जरा लागलं. मग लक्षात आलं, मी कागद वाचताना नक्की माझ्या मुलाचंच अक्षर शोधलं असतं.

सोनचाफा
माझी भाची माझ्याकडे बारावीला राहते. तिला हा धागा वाचायला दिला. तिने माझ्या आयडीवरून लिहायची परवानगी घेतली. खालचं सगळं तिचं, मी फक्त शुद्धलेखन केलंय.

"हाय. मी १६. तुम्ही सगळे आमच्यावर पीएचडी करताय, चांगलंय. टाकीमागे का बसतात हे कुणीच विचारलं नाही म्हणून सांगते, आमच्याकडे टाकी नाही, ट्रान्सफॉर्मर आहे. तिथे बसतो कारण तिथे 'किती पडले' हे कुणी विचारत नाही. घरी हॉलमध्ये बसलं तर टीव्ही बंद करायला लावतात, खोलीत बसलं तर दार उघडं ठेवायला लावतात. बागेत ज्येष्ठ नागरिक संघ. सोसायटीच्या ग्राउंडवर 'बॉल खेळू नये'. कॅफेत दोनशे रुपये. मग उरतो ट्रान्सफॉर्मर. आणि काका (स्पष्टवक्ता), तिथे सगळे सिगारेट ओढत नाहीत. एक जण ओढतो, बाकीचे त्याला बोलतात. कॅमेरा लावला की तो एकटा ओढेल."

मिसळपाववाला
शुद्धलेखन कशाला केलंत, मूळ टाका!

सोनचाफा
मुळात एकही स्वर नव्हता, फक्त व्यंजनं आणि कवट्या.

स्पष्टवक्ता
शेवटचं वाक्य वाचलं. विचार करतो. बाकी मतं कायम.

दुधाळ_चहा
या धाग्यावरचा सर्वांत उपयुक्त प्रतिसाद सोळा वर्षांच्या मुलीचा आहे. माझा अहवाल मागे घेतो.

वाळवा_एक्स्प्रेस
कासपठार गायब? बैठकीत कॅमेरे मंजूर झाले वाटतं.

कासपठार
गायब नाही, तीन आठवडे यातच होते. सविस्तर लिहिते, कारण वाटलं होतं त्यापेक्षा वेगळंच झालं.

वकिलीणबाईंचं ऐकून मी बाजूला राहिले. शेजारच्या गावातली, नर्सिंग शिकणारी एक मुलगी तयार झाली. तिचं आमच्या कॉलनीत कुणीच नाही. पालकांच्या होकाराच्या सह्या घेतल्या, दोन घरांनी नाही म्हटलं, त्यांना परत विचारलं नाही. मी दहा प्रश्न काढून दिले होते. तिने तीन मुलांना सोबत घेतलं आणि त्यांनी त्यातले सात उडवले. मी लिहिलं होतं, "तुला ताणतणाव जाणवतो का?" त्यावर त्यांचं म्हणणं, याला सगळे हो म्हणणार, मग त्याचं करणार काय? त्याऐवजी त्यांनी घातलं, "मागच्या आठवड्यात किती रात्री सहा तासांपेक्षा कमी झोप झाली?" आणि "रात्री दहाला काही बिनसलं तर कुणाला सांगशील?" आणि एक प्रश्न मला आयुष्यात सुचला नसता: "घरचे सोडून कॉलनीतल्या किती मोठ्या माणसांना तुझं नाव माहीत आहे? अमक्याचा मुलगा असं नाही. नाव."

३८ मुलांपैकी ३३ कागद आले. आठवड्यात चार किंवा जास्त रात्री सहा तासांहून कमी झोपणारे १९. दहा वाजता कुणालाच सांगणार नाही असे ११. आणि आपलं नाव माहीत असलेलं एकही मोठं माणूस कॉलनीत नाही, असे १४.

बैठकीत त्या मुलीने हे तीनच आकडे वाचले. बाकी काही बोलली नाही. झोपेच्या आकड्यावर "मोबाइल, मोबाइल" असा गजर झाला. दुसऱ्यावर जरा चुळबुळ. तिसऱ्यावर सगळे गप्प. मग खजिनदार काका, तेच, म्हणाले, "पण त्यांना तरी माझं नाव माहीत आहे का?" दारात उभ्या असलेल्या पोरांतून आवाज आला, "बोर्डवाले काका." कॉलनीतले चारही 'खेळू नये' बोर्ड काकांनी स्वखर्चाने लावलेत. हसू आवरेना. काकाही हसले, पण चेहरा उतरला होता.

आता ६८ हजारांचं. मोकळ्या प्लॉटवर दोन एलईडी दिवे लावले, कारण सात मुलींनी "अंधार" असं खास मार्जिनमध्ये लिहिलं होतं (खुणाच करायच्या म्हणून सांगूनही). ऑफिसच्या वरचा हॉल संध्याकाळी सहा ते नऊ उघडा. टेबल टेनिसचं टेबल आणलं, जुनं, पापड वाळवायला सक्त मनाई. एक कॅमेरा घेतलाच, पण मुख्य गेटवर, टाकीमागे नाही. व्याख्यान होणार आहे, पण पालकांसाठी आणि विषय पोरांनी दिलाय: "रिझल्टच्या दिवशी घरी काय बोलू नये". व्याख्यात्याला शाल-श्रीफळ आहे, ते काही सुटलं नाही. झोपेचं मात्र काहीही करता आलेलं नाही. सकाळी सहाचा क्लास, रात्री साडेनऊचा क्लास, आणि क्लासवाले आमचं ऐकत नाहीत. वेळ बदलायला सांगायचं तर एका कॉलनीने होणार नाही, दहा कॉलन्या लागतील.

काकांनी एक बोर्ड काढला. तीन आहेत अजून.

गॅलवेकर
वाचून डोळ्यांत पाणी आलं. नावाचा प्रश्न आमच्या इथे सांगणार आहे, त्या मुलांची परवानगी काढून ठेवा. आणि सहा महिन्यांनी परत विचारा, हेच तीन प्रश्न.

दुधाळ_चहा
३३ कागदांवरून निष्कर्ष काढू नयेत वगैरे लिहायला हात शिवशिवतायत. पण १४ हा आकडा मी माझ्या इमारतीत मनातल्या मनात मोजला. आमच्या मजल्यावर चार किशोरवयीन आहेत. मला एकाचं नाव येतं, तेही त्याचं कुरिअर माझ्याकडे येतं म्हणून.

खडूफळा
झोपेच्या बाबतीत शाळाही दोषी आहेत, फक्त क्लास नव्हेत. आमची सकाळची शाळा सात दहाची. मुख्याध्यापकांकडे विषय काढते. होईल असं वाटत नाही, पण काढते.

पेठेतली
कासपठार, ती जूनमधली मुलगी कशी आहे?

कासपठार
बरी आहे. एवढंच लिहिते, बाकी तिचं तिच्याकडे.

स्पष्टवक्ता
टाकीमागे आता कोण बसतं?

कासपठार
तीच पोरं. हॉल नऊला बंद होतो, मग टाकी. पण हल्ली जाता-येता खजिनदार काका थांबतात, दोन मिनिटं उभे राहतात. त्यांनी एका वहीत सगळ्यांची नावं लिहून घेतलीत, पाठ करतायत. पोरांना आधी वाटलं पोलिसात देणार.

पन्हाळ्याचा_वारा
काकास्नी तालमीत घ्या.

मिसळपाववाला
मुद्द्याचं राहिलं. हॉलची किल्ली कुणाकडे?

कासपठार
पोरांकडेच, आठवड्याला एकाकडे अशी पाळी. पहिल्याच आठवड्यात हरवली. डुप्लिकेट ६० रुपयांत झाली, हिशेबात धरली आहे.